अंगाईसाठी शॉर्ट शिफ्टर

"मॅडम, गाडी मुलगा चालवतो का?"

फोनवरच्या दुकानदाराने अगदी आदराने विचारलं. हर्षालीने फोन कानापासून लांब धरून एकदा त्याच्याकडे बघितलं. तिची तिशी अजून यायची होती. पण बरेच दिवस झोप झाली नसली की बाईचा आवाज पन्नाशीचा येतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

"मुलगा नाही, मुलगी," ती म्हणाली. "आणि ती चालवत नाही. ती झोपते."

मग दुकानदाराने विचारलं, "घरात दुसरं कोणी आहे का बोलायला?"

त्याचीही चूक नव्हती. शॉर्ट शिफ्टर ही वस्तू साधारणपणे कोण विकत घेतं? ज्यांच्या गाडीचा सायलेन्सर गाडीच्या आधी गल्लीत पोचतो, अशी पोरं. गिअरच्या दांडीखाली हा सुटा भाग बसवला की दांडी कमी अंतरात हलते आणि गिअर चटकन पडतो. शर्यतीत त्याचा उपयोग होतो म्हणे. हर्षालीला शर्यत लावायची नव्हती. तिला वेदिकाला झोपवायचं होतं.

वेदिका नुकतीच बसायला लागली होती आणि बसता येतंय म्हटल्यावर आडवं होणं हा तिला अपमान वाटू लागला होता. पाळणा झाला, साडीची झोळी झाली, मांडी झाली, खांदा झाला. अमोलने, म्हणजे हर्षालीच्या नवऱ्याने, एकदा रिकामा मिक्सरही चालवून पाहिला. त्याने फक्त अमोललाच पेंग आली. वेदिका झोपायची ती चालत्या गाडीत, मागच्या सीटवरच्या तिच्या छोट्या खुर्चीत. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली की पापण्या जड व्हायच्या, जॉगिंग ट्रॅकपाशी मान कलायची, आणि मग हर्षाली तिसरा गिअर टाकायची.

खटाक!

दुकानाचं शटर वर जावं तसे वेदिकाचे दोन्ही डोळे उघडायचे.

गाडी अमोलने जुनीच घेतली होती. तिचा गिअर म्हणजे ताकातली रवी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरहून पार नांदगावला निघाल्यासारखं. हात आपला चाललाय, चाललाय, वाटेत दोनदा वाटतं की पोचलो, आणि शेवटी कुठेतरी आत लोखंडावर लोखंड आपटतं. म्हणून हर्षालीने तिसरा गिअर सोडूनच दिला. दुपारच्या वेळी ती अख्ख्या इंदिरानगरला दुसऱ्यावर फेऱ्या मारू लागली. इंजिन कण्हायचं, वेदिका झोपायची, आणि लोक अमोलला भेटून सांगायचे, "वहिनींना तिसरा गिअर शिकव रे एकदा."

हे मात्र तिच्या फार जिव्हारी लागलं. ज्या बाईने नांदगावकडे वडिलांच्या शेतात कॉलेजच्या वयात ट्रॅक्टर चालवला, ट्रॉलीसकट मागे घेतला, तिला तिसरा गिअर येत नाही? तिने त्याच दिवशी ठरवलं. गाडी बदलणं परवडणार नव्हतं, मूल बदलता येत नाही. राहता राहिला गिअर.

आता आपल्याकडे कुठलीही गोष्ट नुसती ठरवून चालत नाही. ती जिन्यात बोलून दाखवावी लागते. खालच्या मजल्यावर शेखरकाका राहायचे. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेले. त्यांना यंत्राबद्दल काही विचारणं म्हणजे उसाच्या चरकात बोट घालणं. आख्खा हात जातो.

"तरफ!" काका जिन्यातच खाली बसले आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढू लागले. "सगळा तरफेचा खेळ आहे, हर्षाली. दांडीचा वरचा हात आखूड केला की अंतर कमी. पण अंतर कमी झालं की जोर जास्त लागणार. निसर्ग फुकट काही देत नाही. आणि लक्षात ठेव, खटका आणखी कडक होतो. या वस्तूची ख्यातीच ती."

"म्हणजे आवाज वाढेल?"

"वाढेलही. नाहीही वाढणार. दांडीच्या बुडाशी जे कडं बसतं, तो बुश कसा आहे त्यावर."

"अहो, तुम्ही स्वतःच्या पोरांना कधी झोपवलंत का?" दारातून त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या. "नाही ना? मग निसर्गाचं नाव पुढे करू नका. हर्षाली, तू त्या दांडीचं सोड. जायफळ उगाळ, दुधातून चिमूटभर चाटव. आमचा ओम असा झोपायचा की मी नाकाशी बोट धरून बघायचे."

"म्हणूनच तो दहावीला दोनदा बसला," काका आकृतीतून मान वर न काढता म्हणाले.

तिथून पुढे त्या दोघांचं जे सुरू झालं त्याचा शॉर्ट शिफ्टरशी संबंध नव्हता, म्हणून हर्षाली वर आली.

शिफ्टरबद्दल ती वाचायची वेदिकाला पाजताना. एका हातात लेक, दुसऱ्या हातात फोन, अंगठ्याने पान वर सरकवायचं. एक शिफ्टर उंची कमीजास्त करता येणारा होता. एक बुटका होता, पण त्याला हात घालायला बहुधा माणसालाही बुटकं व्हावं लागत असणार. एकाच्या टोकाला पेरूएवढा जड लोखंडी गोळा होता. त्याच्या वजनानेच म्हणे गिअर घरंगळत जागेवर जातो. घेतलेल्या लोकांनी खाली भरभरून लिहिलं होतं. 'बंदुकीच्या चापासारखा!' 'प्रत्येक गिअरला छातीत धडधडतं!' हर्षालीला बंदूक नको होती, धडधड तर मुळीच नको होती. कोणी एकाने तरी लिहावं की मागे बाळ होतं आणि ते उठलं नाही. शेवटी धीर करून तिने स्वतःच गाडीवेड्यांच्या एका गटात प्रश्न टाकला: 'हा बसवल्यावर मागच्या सीटवरचं बाळ उठतं का?'

पहिलं उत्तर ताबडतोब आलं. 'भावा, मागची सीटच काढून टाक. गाडी हलकी होते.'

दुसऱ्याने विचारलं, 'बाळ म्हणजे कुठल्या कंपनीचं?'

अमोल कारखान्यात तपासणी विभागात होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीत नियम आठवायचे. "गाडीत काही बदल केला की विम्याला कळवावं लागतं," तो म्हणाला. मग हर्षालीने विम्याच्या लोकांना फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलायला आली. फार गोड मुलगी. तिने बदलाचं कारण विचारलं. हर्षालीने खरं ते सांगितलं.

"मॅडम, माझ्याकडे झोप असा पर्याय नाहीये," ती मुलगी अतिशय दुःखाने म्हणाली. "क्रीडा आहे, व्यवसाय आहे, सजावट आहे."

"मग काय करायचं?"

"सजावट टाकू?"

अशा रीतीने सरळमार्गी हर्षालीच्या नावावर एक सजावट लागली. पेरूएवढ्या गोळ्याचा शिफ्टर मागवला गेला.

तो आला ऐन नवरात्रात. पुडकं तिच्या सासूबाईंनी, कुसाबाईंनी, घेतलं. कुसाबाई गावाकडून नातीसाठी म्हणून आलेल्या. देवघरात त्यांचा घट बसलेला, नऊ दिवसांचा उपास चाललेला. त्यांनी पुडकं फोडलं, ती चकचकीत वस्तू हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "खलबत्त्यातला बत्ता हाय का गं? धरायला चांगलाय."

"आई, तो गाडीचा आहे. तो बसवला की वेदिका झोपेल."

कुसाबाईंनी वस्तूकडे पाहिलं, सुनेच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं, आणि त्या बत्त्याला हळदकुंकू लावून घटापाशी ठेवून दिलं. नातीला झोपवणार असेल तर तोही देवच.

सातपूरच्या संतोषचं गॅरेज अमोलच्या कारखान्यापासून जवळ. संतोष म्हणाला, "ताई, नवमीला सकाळीच या. दसऱ्यानंतर मला मान वर करायला वेळ नाही." म्हणून हर्षाली नवमीला सकाळी गेली. वेदिकाला धरायला कुसाबाई सोबत आल्या. अमोल कामावर. वाटेत हर्षालीने मुद्दाम तिसरा गिअर टाकला. खटाक! वेदिकाने डोळे उघडले. 'शेवटचा गं बाई,' हर्षाली मनात म्हणाली.

संतोषने गाडी गॅरेजच्या दाराच्या जरा अलीकडे गल्लीतच लावून घेतली, न्यूट्रलला ठेवली आणि भराभर कामाला लागला. दांडीभोवतीचं झाकण निघालं. खाली बिस्किटांचा चुरा, एक हरवलेला इवलासा मोजा आणि पूर्वीच्या मालकाच्या काळातला एक बोरकूट झालेला लिमलेटचा गोळा निघाला. मग खुद्द दांडी निघाली. तिच्या जागी एक काळं भोक राहिलं. हर्षालीला उगाचच वाईट वाटलं. दात काढल्यावर जीभ परत परत तिथे जाते, तसं ती त्या भोकाकडे बघत राहिली.

"ताई, घोळ आहे," संतोष म्हणाला. "नव्या दांडीबरोबर आलेला बुश ढिला होतोय. पलीकडच्या गल्लीत मिळेल. एक रबरी मिळतो, एक कडक. तुम्ही या निवडायला. नायतर परत माझ्या नावाने ओरडाल."

हर्षालीचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला होता. "आई, आम्ही आलोच हं," ती म्हणाली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली.

आलोच, हा शब्द सातपुरात नवमीच्या दिवशी वापरू नये. पहिलं दुकान पूजेसाठी बंद. दुसऱ्यात पूजा चालू. तिसऱ्यात आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभं राहावं लागलं, प्रसाद घ्यावा लागला, आणि मग रबरी का कडक यावर दुकानदार, संतोष आणि आरतीला आलेले दोन अनोळखी गृहस्थ यांच्यात चर्चा झाली. हर्षालीने रबरी घेतला. मऊ वाटला. बाळाच्या बाबतीत मऊ ते चांगलं, एवढं शहाणपण तिला आता आलं होतं.

परत आले तर गॅरेज ओळखूच येईना.

जमीन झाडलेली. दारात पाणी शिंपडलेलं. बाकड्यावर संतोषचं धुतलेलं फडकं अंथरलेलं, आणि त्यावर त्याचे झाडून सगळे पाने, पक्कडी, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर उंचीनुसार रांगेत, न्हाऊनमाखून, हळदकुंकू लावून, प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी. मधोमध जॅक, त्याच्या डोक्यावर आख्खं फूल. आणि जॅकच्या दोन्ही अंगांना, जुनी दांडी आणि नवा शॉर्ट शिफ्टर, वऱ्हाडातल्या मानकऱ्यांसारखे. उदबत्ती जळत होती. कुसाबाईंच्या कडेवर वेदिका होती आणि तिचंही नाक कुंकवाने लाल झालं होतं.

"आई," हर्षालीचा आवाज बारीक झाला, "हे काय केलंत?"

"काय म्हंजी? खंडेनवमी हाय आज. शेजारच्या दुकानात फुलं होती, मागून आणली. ह्याची हत्यारं बघितली का तू? लय तेलकट. पोटाला घालणारी हत्यारं. वर्सातून एक दिस तरी आंघोळ नको त्यांला?"

संतोष दारातच उभा राहिला होता. त्याने आधी चपला काढल्या. मग म्हणाला, "आजी, मी संध्याकाळी करणार होतो पूजा. तुमचं काम उरकून."

"मंग तेवढंच तुझं काम हलकं केलं."

"आजी, पण पूजेतल्या हत्याराला आता हात नाही लावता येत. उद्या दसऱ्याला पूजा उतरली की मगच."

"मंग उद्या लाव. कोण नाय म्हणतंय?"

"आई," हर्षाली म्हणाली, "गाडी उघडी पडलीय. गिअर नाहीये तिला."

कुसाबाईंनी पहिल्यांदाच वळून गाडीकडे पाहिलं. आतल्या काळ्या भोकाकडे पाहिलं. मग बाकड्यावरच्या, फुलाखाली गंभीर बसलेल्या दांडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. पण सासूचा चेहरा फार वेळ उतरलेला राहत नाही.

"एक बारका पाना उचल की रे. देवी माफ करती."

"तुम्हीच पूजा मांडायची अन तुम्हीच उचल म्हणायचं?" संतोष दुखावला. "माझ्या वडलांनी एकदा उचलला होता."

"मंग? काय झालं?"

"काही नाही झालं. पण आईने पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकवलं."

हे कारण कुसाबाईंना एकदम पटलं.

संतोष आजूबाजूच्या गॅरेजांत उसना पाना मागायला जाऊन आला. तिथेही हीच गत. अख्ख्या सातपुरातला एकूण एक पाना त्या दिवशी देव झाला होता.

आणि मग वेदिकाला आठवलं की आपली झोपायची वेळ टळून गेली आहे.

ती रडली म्हणजे नुसती रडली नाही. पलीकडच्या शेडमधून एक जण बाहेर येऊन घड्याळ बघून गेला. त्याला वाटलं पाळी सुटल्याचा भोंगा झाला. हर्षालीने तिला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचवलं. कुसाबाईंनी गाणं म्हटलं. संतोषने किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला, त्याने तर ती जास्तच बिथरली. हर्षालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतके दिवस एवढं वाचलं, विचारलं, विम्याच्या मुलीला खरं सांगितलं, बुश मऊ निवडला, आणि आता तर झोपवायला तिसराच काय, पहिलाही गिअर राहिला नव्हता.

तेवढ्यात अमोल आला. कारखान्यातली पूजा उरकून लवकर सुटी झालेली; हातात बुंदीचं पाकीट, सोबत जीवन नावाचा त्याचा मित्र. आईचा चेहरा, बायकोचा चेहरा आणि बाकड्यावरचा देव्हारा बघून त्याने बुंदी मागे लपवली.

"रिक्षाने जाऊ," तो म्हणाला.

"रिक्षात ती थांबेल का? एवढ्या धडधडाटात?" हर्षाली म्हणाली.

"बरं. आधी गाडी तरी आत घेऊ. अशी गल्लीत कशी ठेवणार?"

हे बरोबर होतं. अमोल सुकाणूवर बसला. हातातलं रडतं मूल कुठे ठेवायचं, म्हणून हर्षालीने वेदिकाला मागे तिच्या खुर्चीत अडकवलं आणि शेजारी बसली. संतोष आणि जीवनने मागून जोर लावला. गाडी हलली.

ना इंजिन, ना क्लच, ना गिअर. नुसती चाकं. पाण्यात नाव सोडावी तशी गाडी सरकली.

वेदिकाचं रडणं मध्येच तुटलं. तिने एक हुंदका दिला, इकडे तिकडे पाहिलं, अंगठा तोंडात घातला. पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या. गाडी गॅरेजच्या दाराशी पोचली आणि थांबली. वेदिकाने अंगठा बाहेर काढला. तोंड उघडलं.

"थांबू नका रं!" कुसाबाई ओरडल्या आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून कुजबुजल्या, "ढकला, ढकला. पुढं चला."

म्हणून गाडी गॅरेज ओलांडून पुढे गेली.

आपल्याकडे मदत मागितली तर लोक कारण विचारतात, पण बंद गाडी ढकलताना दिसली की कोणी काही विचारत नाही. हातातली पिशवी टपावर ठेवून खांदा लावतात. आणि सातपूर नुकतंच पूजा उरकून, धुतलेले कपडे घालून, प्रसाद घेऊन रस्त्यावर आलेलं. गल्लीच्या टोकापर्यंत मागे चांगलीच गर्दी झाली. आणि गाडी ढकलणारा प्रत्येक माणूस जो सल्ला देतो तो त्या सगळ्यांनी एकामागोमाग एक दिला.

"दुसऱ्यात टाक, भाऊ! दुसऱ्यात टाक आन क्लच सोड!"

"गिअर नाहीये," अमोल खिडकीतून हळू आवाजात म्हणाला.

"पडत नाही का?"

"नाहीच आहे. काढलाय."

"मग चालवतोस कशी?"

"चालवत नाहीये. पोरीला झोपवतोय."

हा खुलासा मागच्या मागे कुजबुजत पोचला. हसू नाही आलं कोणाला. उलट एका मिशीवाल्या गृहस्थाने हॉर्न वाजवणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. दुसऱ्याने पुढे पळत जाऊन रस्त्यातला दगड बाजूला केला. इंजिन बंद म्हणून सुकाणू दगडासारखं जड झालेलं. अमोलने घामाघूम होऊन वळण घेतलं, आणि गाडी रिकाम्या कारखान्यांमधल्या सपाट रस्त्याला लागली. कुसाबाई पदर खोचून बाजूने चालल्या होत्या, एक हात उचललेला. कोणी बोललं की त्या नुसता तो हात हलवायच्या.

मागच्या सीटवर हर्षालीच्या छातीवरचं कसलं तरी ओझं हलकं होत गेलं. किती दिवसांत कोणी तिच्यासाठी गाडी चालवली नव्हती. काही धरायचं नव्हतं, काही बदलायचं नव्हतं. खिडकीतून वाऱ्याबरोबर झेंडूचा आणि ताज्या तेलरंगाचा वास येत होता. वेदिकाने तिचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. हळूहळू ती मूठ सैल झाली, पण सुटली नाही.

संतोष मागच्या खिडकीपाशी येऊन ढकलत होता. धापा टाकत, पण अगदी हळू, त्याने विचारलं, "ताई, उद्या पूजा उतरली की कुठली बसवू? जुनी का नवी? आता तुम्हीच ठरवा."

या विषयावर हर्षालीइतका अभ्यास सबंध नाशिकमध्ये कोणाचा नव्हता. रबरी बुश, जड गोळा, तरफेचा वरचा हात, खालचा हात, सगळं तिच्या जिभेवर होतं.

"ताई?"

उत्तर आलं नाही. अमोलने आरशात पाहिलं. कुसाबाईंनी चालता चालता खिडकीतून आत डोकावलं.

"झोपली?" अमोलने नुसत्या ओठांनी विचारलं.

"दोघीबी," कुसाबाई म्हणाल्या.

हर्षालीची मान लेकीच्या खुर्चीच्या कडेवर टेकली होती, तोंड जरासं उघडं होतं. कुसाबाईंनी खांद्यावरची शाल काढली, खिडकीतून हात घालून सुनेच्या अंगावर सरकवली. मग संतोषकडे वळल्या.

"दांडीचं उद्या बघू," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तू ढकल."